घासून ठेवलेलं ताट

१

कपाटातली पोत होती, पाटल्या होत्या, शिवाजीआप्पांचं जुनं घड्याळही जागच्या जागी होतं. गेलं होतं ते फक्त घराचं मूळ खरेदीखत.

"व माय! असा कसा चोर म्हना हाऊ?" बेबीबाई उघड्या कपाटापुढे फतकल मारून बसल्या होत्या. "सोनं ठी दिन्हं आनि कागद लई गया!"

रूपाली दारातच उभी राहिली. ती शहाद्याची वकील. कोर्टात कमी आणि दस्त नोंदणीच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर जास्त दिसणारी. घरांचे व्यवहार हे तिचं रोजचं काम, आणि तिचं एक ठाम मत होतं: माणूस लग्न जमवताना जेवढं खोटं बोलतो त्याच्या दुप्पट घर विकताना बोलतो. चहा प्यायल्याशिवाय ती कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि प्यायल्यावरही फारसा ठेवत नसे.

व्यवहार तसा साधा होता. तापीकाठच्या प्रकाशा गावातलं हे घर, पुढे ओटा, मागे अंगण. शिवाजीआप्पा गेल्यापासून बेबीबाई एकट्या. लेक रुचिका सुरतला, तिच्याकडे जायचं ठरलेलं. घर घेणार होती ग्रेसी, शहाद्याच्या एका दवाखान्यातली नर्स, मूळची नवापूरकडच्या डोंगरातली. आप्पांच्या शेवटच्या आजारपणात तिने पोटच्या पोरीसारखी सेवा केली होती. बेबीबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "घर इकसू ते तुलेच इकसू."

ग्रेसीला घराची किती गरज होती हे रूपालीला माहीत होतं. शहाद्यात तिला तीन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. पहिला मालक म्हणाला, आमचे पाहुणे येणार आहेत. दुसरा म्हणाला, तुमच्या रविवारच्या प्रार्थनेचा आवाज होतो. तिसरा सरळ म्हणाला, डोंगरावरची माणसं आम्हाला नकोत. तिसऱ्याचा राग तिला सगळ्यात कमी आला, कारण तो निदान खरं बोलला.

आता अडलं होतं ते बँकेच्या कर्जावर. अर्ज दिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि श्रावण उजाडला तरी बँक आपली आज हा दाखला आणा, उद्या तो उतारा आणा, असं करत बसलेली. शेवटी सगळं होऊन एकच गोष्ट राहिली: मूळ खरेदीखत बँकेत जमा करायचं. त्यासाठी आज, मंगळवारी सकाळी, बेबीबाईंनी कपाट उघडलं आणि हा घोळ समोर आला.

"नक्कल काढली तर, ताई?" ग्रेसीने विचारलं. ड्यूटीवरून ती तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांत.

"नक्कल चालणार नाही म्हणतात. हरवलं म्हटलं तर पोलिसांत तक्रार, पेपरात नोटीस, मग वाट बघा. पोळा उलटून जाईल."

पोळा ही नुसती तारीख नव्हती. बेबीबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, बन्सीनाना हे भाऊबंदांतले वडीलधारे. घर कायद्याने बेबीबाईंचं होतं, पण नानांना विचारल्याशिवाय त्यांनी आजवर म्हैससुद्धा बदलली नव्हती. नानांनी हो म्हटलं होतं ते एका अटीवर. पोळ्यापर्यंत बँकेचा पैसा आला तर घर ग्रेसीला. नाही आला तर शेजारच्या भूपेंद्रला. भूपेंद्रची भाविकांसाठीची लॉज भिंतीला भिंत लावून होती आणि त्याचा पैसा रोख होता.

"मावशी, ज्याला पैसा पाहिजे तो पाटल्या नेतो," रूपाली म्हणाली. "याला पैसा नको होता. याला उशीर पाहिजे होता. कागद शेवटचा कधी पाहिला?"

"ऐतवारले सकाळे. कानबाई बसाडी त्याना आधी."

"त्यानंतर घर कधी रिकामं होतं?"

बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला. "सोमवारी. कानबाई नदीवर गयी तवय. त्या येळे आमना घरले कुलूप नही लावतस वं, नुसती कडी!"

२

खानदेशात कानबाई कशी बसते हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे, पण या गोष्टीसाठी थोडं सांगावंच लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदांपैकी एका घरी देवी बसते. सगळे भाऊबंद तिथे जमतात, रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. रोट हा तिचा नैवेद्य. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, त्याच गव्हाच्या पिठाचे रोट करतात, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला कणही नाही. सासरी गेलेल्या लेकीला नाही, जिवलग मित्राला नाही. खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीही वाटेल तिथे टाकत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात ओततात. आपल्या नावाचा रोट सोडणं म्हणजे देवीला पाठ दाखवणं. चुकून तो परक्याच्या तोंडी गेला, तर घरातल्या बायकांची झोप उडते.

रविवारी ग्रेसीही दर्शनाला आली होती. बेबीबाईंनी तिला दूध दिलं, केळी दिली, आणि शरमून म्हणाल्या होत्या, "घर तुले देसू बेटा, पन रोट नही दी सकत." ग्रेसी हसली होती. तिच्या घरीही असे आपले आपले नियम होते.

"कपाटाची किल्ली कुठे असते?" रूपालीने विचारलं.

"तांदूयना डबाम्हा."

रूपालीने कपाळाला हात लावला. तालुक्यातल्या निम्म्या बायका किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते माहीत असतं. या किल्लीवरून चोर काही सापडायचा नव्हता.

"बाकी सणात काही वावगं? कुणी आलं-गेलं, काही सांडलं-लवंडलं?"

"काहीच नही. सगळं गोड व्हयनं. रोट बी सरना सगळा, एक बी उरना नही. फक्त योगू उना नही यंदा, तेवढी एक गोट."

योगू म्हणजे योगेंद्र, बन्सीनानांचा मुलगा. नंदुरबारला शाळेत शिक्षक. ग्रेसीच्या कर्जासाठी बँकेत चार खेपा यानेच घातल्या होत्या. असा पुतण्या मिळायला नशीब लागतं, असं बेबीबाई सगळ्यांना सांगत.

रूपाली सरळ शेजारी गेली. भूपेंद्र लॉजच्या काउंटरवर बसून टोमॅटो निवडत होता. आचारी पळून गेला होता म्हणे.

"आलात? मी म्हणतच होतो, अजून कसं कुणी आलं नाही संशय घ्यायला," तो म्हणाला.

"घ्यावा का?"

"घ्या की. घर मला पाहिजेच, त्यात लपवायचं काय? पण मी चोरी करून पोळ्याची वाट कशाला पाहू? बँक आपोआप उशीर करते. तिला मदत लागत नाही."

रूपालीने दुसरीकडून विचारलं, "सोमवारी मिरवणूक नदीवर होती तेव्हा तुम्हाला मावशींच्या ओट्यावर पाहिलंय म्हणतात."

कुणी असं म्हटलं नव्हतं. भूपेंद्रने मात्र टोमॅटो खाली ठेवला.

"पाहिलं असेल. जागरणाला सतरंज्या माझ्याच होत्या. त्या घ्यायला गेलो. ओट्यावरूनच उचलल्या आणि परत आलो. आत पाय टाकला नाही, देवीची शपथ. घरात रोट असताना परक्याने कसं जायचं? आणि आत माणूस होतं की! त्यांच्यातलीच कुणी बाई मागे राहिली असेल असं समजलो मी."

"दिसली?"

"दिसली नाही. आवाज आला. मागच्या अंगणात कुणीतरी ताट घासत होतं."

रूपाली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चोर कपाट फोडतो, कौलं काढतो, कुत्र्याला भाकरी टाकतो. पण घरधनी नदीवर गेलेले असताना अंगणात बसून ताट घासणारा चोर तिने कधी ऐकला नव्हता.

३

"ताट?" बेबीबाई म्हणाल्या. "हा, व्हतं ना! खड्डाना काठवर पालथं घालेल व्हतं. माले वाटनं जेठानीनी घासं व्हई."

खड्डा अजून तसाच होता, अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीपासून लांब. रूपालीने वाकून तो पाहिला. मग ती ग्रेसीला म्हणाली, "तू ड्यूटीला जा. इथे रडून बँक पाझरायची नाही."

"मी रडत नाहीये, ताई."

"मग फारच छान. मी रडणार होते, आता मलाही नको."

बन्सीनानांचं घर दुसऱ्या गल्लीत. नाना खाटेवर बसले होते, अंगात बंडी, हातात काठी. वकील घरी आली याचा त्यांना राग आला होता आणि तो ते लपवत नव्हते.

"मन्हावर संशय शे का तुन्हा?"

"नाना, तुमचा विरोध होता का या व्यवहाराला?"

"विरोध ऱ्हाता ते तोंडवर सांगता. मी कोनले भ्यास का? तारीख दिन्ही मी, पोळानी. बँकना भरोसावर माणूस म्हातारा व्हई जास." काठी जमिनीवर आपटून ते पुढे म्हणाले, "सोमवारी मी मिरवणूकना म्होरे व्हतू. गावले इचार. आमना घरना एकूणएक माणूस नदीवर व्हता. मोजीसन लई जास मी, दरसाल."

गावाला विचारायची गरज नव्हती. मिरवणुकीचे फोटो सकाळपासून रूपालीच्या फोनवर फिरत होते. नाना पुढे, मागे सगळे भाऊबंद, आणि मध्ये नानांच्या पत्नी फुलवंताबाई, डोक्यावर कानबाई घेतलेल्या.

फुलवंताबाई चहा घेऊन आल्या. रूपालीने ताटाचं विचारलं.

"मी? मी कसं घासू माय? डोकावर देवी व्हती मन्हा! घर उनूत तवय ताट पालथंच व्हतं. माले वाटनं बेबीनी जाताना घासं."

दोघी जावांनी एकमेकींच्या नावावर एक ताट टाकून दिलं होतं. घराघरांत असं चालतं. रूपाली चहा पिऊन उठली. चपला घालताना तिने सहज म्हटलं, "योगेंद्रसरांचा रोट मात्र राहिला म्हणायचा यंदा."

"नही नही!" फुलवंताबाई घाईने म्हणाल्या. "ऱ्हाई कसा? त्याना नावना रोट टोपलीखाले झाकी ठेयेल व्हता. नदीवरथून उनूत ते टोपली रिकामी. बेबीनी पाठाडी दिन्हा व्हई कोनाबरोबर."

रूपालीने तिथूनच बेबीबाईंना फोन लावला.

"मी कसाले पाठाडू?" बेबीबाई पलीकडून म्हणाल्या. "माले वाटनं जेठानी लई गयी लेकसाठे."

फोन बंद करून रूपाली त्या उंबऱ्यातच बसली. सोमवारी त्या घरातून एक नाही, दोन गोष्टी गेल्या होत्या. कागद आणि रोट. आणि रोट नेणाऱ्याने तो नेला नव्हता, तिथेच बसून खाल्ला होता. ताट घासलं होतं ते त्यासाठी.

४

दुसऱ्या दिवशी ती एसटीने नंदुरबारला गेली. शाळेच्या मधल्या सुट्टीत योगेंद्र शिक्षकांच्या खोलीत भेटला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक गंध. रूपालीला पाहताच उठून उभा राहिला आणि दुसऱ्या सरांना खुर्ची द्यायला लावली. वाईट बोलावं असं त्याच्यात काही नव्हतं.

"काकूंचा फोन आला होता. ऐकून जेवण गेलं नाही मला," तो म्हणाला. "बिचाऱ्या सिस्टर! इतक्या खेपा घातल्या आम्ही बँकेत. मॅनेजरला मी परत भेटू का?"

"भेटा ना. पण कागद मिळाला तर जास्त बरं. तुम्हाला कुणावर संशय?"

"भूपेंद्र. दुसरं कोण? पण पुरावा नसताना बोलू नये."

"सोमवारी तुम्ही असतात तर घरावर लक्ष तरी राहिलं असतं."

"काय करणार, मॅडम? नोकरी. रविवारी शाळेचा कार्यक्रम, सोमवारी दिवसभर शाळा. निघताच आलं नाही."

"मागच्या वर्षी आला होतात?"

"मागच्या वर्षी तर पुण्याला प्रशिक्षण होतं. दोन गाड्या बदलून आलो. आईचा हट्ट असतो, आणि माझाही आहे म्हणा. रोट चुकवत नाही मी."

"यंदा चुकला की."

योगेंद्र हसला. मोकळं, स्वस्थ हसू. "देवी सगळं जाणते," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

परतीच्या गाडीत रूपालीला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. ते हसू तिला खुपत होतं. पुण्याहून दोन गाड्या बदलून येणारा माणूस. नंदुरबार ते प्रकाशा म्हणजे मोटरसायकलवर असा किती वेळ? आणि त्याचा रोट राहिला तर त्याने कासावीस व्हायला हवं होतं. आईला फोन करून विचारायला हवं होतं, माझ्या रोटाचं काय केलं? त्याने साधी चौकशीही केली नव्हती. जेवलेल्या माणसाला जेवणाची आठवण येत नाही, तसा तो बसला होता.

गाडी कोळद्याच्या पुढे आली तेव्हा तिला स्वतःच्या घरची सकाळ आठवली. सोमवारी लेकीला डबा द्यायचा नसतो. श्रावणात नसतोच. श्रावणी सोमवारी शाळा अर्धीच असते, मास्तर मुलांच्या आधी गेटबाहेर पडतात.

"दिवसभर शाळा म्हणे!" रूपाली मोठ्याने म्हणाली. शेजारच्या म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

कळलं होतं, पण हातात काय होतं? एक हसू आणि एक अर्धी सुट्टी. योगेंद्रने कानावर हात ठेवले की संपलं. पोलिसांना रोटाची गोष्ट सांगितली तर ते चहा पाजून घरी पाठवतील. झडती घेतली आणि कागद फाडून टाकलेला असला तर? पोळा जवळ येत होता. त्याच्या तोंडूनच निघायला हवं होतं, आणि सरळ विचारून ते निघणार नव्हतं.

५

रविवारी बेबीबाईंच्या घरी सगळे जमले. नाना खुर्चीवर, फुलवंताबाई आणि बेबीबाई सतरंजीवर, योगेंद्र भिंतीला टेकून. भूपेंद्रला ओट्यावर बसवलं होतं, कारण आत बसायची त्याची तयारी नव्हती. ग्रेसी दाराशी उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

"चोर कोण ते मी सांगत नाही," रूपालीने सुरुवात केली. "सोमवारी काय झालं तेवढं सांगते. सगळे नदीवर होते. कडी काढून एक माणूस आत आला. तांदळाच्या डब्यातली किल्ली घेतली, कपाट उघडलं, खरेदीखत घेतलं, किल्ली परत डब्यात ठेवली. इथपर्यंत चोरी. पण मग तो गेला नाही. टोपलीखाली योगेंद्रसरांच्या नावाचा रोट होता. तो त्याने ताटात घेतला, बसून खाल्ला, ताट घासलं, पाणी खड्ड्यात ओतलं आणि ताट पालथं घातलं. घासण्याचा आवाज भूपेंद्रभाऊंनी ऐकला."

"ऐकला," भूपेंद्र बाहेरून म्हणाला.

फुलवंताबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बेबीबाईंचा हात धरला. "म्हंजे तू नही पाठाडा रोट?"

"नही वं. माले वाटनं तू लई गयी."

"आता दोनच गोष्टी शक्य आहेत," रूपाली म्हणाली. "खाणारा भाऊबंद असेल, किंवा परका असेल. भाऊबंद तर नानांनी मोजून नदीवर नेले होते. एकूणएक. फोटो आहेत. मग राहिला परका. कुणीतरी परका माणूस आत आला आणि कानबाईचा रोट खाऊन गेला."

तिने योगेंद्रकडे पाहिलं नाही. ती फुलवंताबाईंकडे बघत होती, आणि जे होणार होतं त्याचं तिला वाईटही वाटत होतं.

"मन्ही माय!" फुलवंताबाई ओरडल्या. "रोट बाटना! मन्हा लेकना नावना रोट बाटना!" त्या एकदम उठल्या आणि देवी बसली होती त्या कोपऱ्याकडे जाऊन त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. "आजथून पुढली कानबाईलोंग मी एक टाइम जेवसू व माय. मन्हा लेकले काही करू नको. मन्हा योगूले काही करू नको."

"अगं, साखर शे तुले!" नाना खुर्चीवरून अर्धे उठले. "उपास कसाले करस? गोया चालू शेतस तुन्हा!"

"मरू ते मरू. मन्हा लेकवर कोप नको."

ग्रेसी दारातून पुढे आली. "मावशी, असं करू नका. साखर एकदम खाली जाईल. मी सांगते ना, उपास नको."

ती फुलवंताबाईंना खांद्याला धरून उठवायला लागली. त्या उठेनात. कपाळ जमिनीवर घासत होत्या. योगेंद्र भिंतीला टेकून बघत होता. गंध लावलेल्या त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग शाळेतली सगळी मराठी त्याच्या तोंडातून गळून पडली.

"माय, ऊठ. रोट बाटना नही. मीच खादा."

फुलवंताबाईंनी कपाळ जमिनीवरून उचललं.

"मन्हा व्हता, मीच खादा," तो म्हणाला. "शाया सुटनी आनि गाडी काढी उनू. कागद लिन्हा. निंघी जाई ऱ्हायनू व्हतू, तेवढाम्हा टोपली दखायनी. मन्हा नावना रोट. त्याले सोडी कसा जाऊ मी?"

"आनि चोरी करता उनी, मन्हा लेक?" बेबीबाई म्हणाल्या. "चोरी करता उनी तुले?"

योगेंद्रने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"कागद कुठाय?" रूपालीने विचारलं.

"घर शे. देव्हाराम्हा. फाडाले हिंमत व्हयनी नही." त्याने मान खाली घातली. "पोळा व्हयना म्हंजे परत ठी देणार व्हतू. आठे कानबाई बसस. लहानपणथून आठे बसस. शायाना मास्तरसनी माले इचारं, तुमनी कानबाईना जागावर आते क्रूस लागी का? मन्हा डोकाम्हा तेच फिरी ऱ्हायनं."

नाना उठले. काठी त्यांच्या हातात होती आणि ती उगारली जाईल असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी ती नुसती खुर्चीला टेकवून ठेवली. "मी मोजा त्याम्हा तू नव्हता," ते म्हणाले. "आनि मी म्हनू, पोरगा नोकरीवर शे."

योगेंद्र ग्रेसीकडे वळला. "सिस्टर, माझं चुकलं."

ग्रेसी अजून फुलवंताबाईंना धरून होती. तिने त्यांना भिंतीशी टेकवून बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला, आणि मगच ती बोलली.

"सर, तुम्ही बँकेत माझ्याबरोबर आलात. रांगेत उभे राहिलात. मी घरी आईला सांगितलं, प्रकाशाला एक भाऊ मिळाला म्हणून. तुम्हाला आम्ही नको होतो तर तोंडावर सांगायचं. मला सवय आहे. तरी मी हे घर सोडलं नसतं. पण आईला ते सांगितलं नसतं."

योगेंद्रला खाली बसावं लागलं. नर्सबाईने ओरडून त्याला शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

६

पोलिसांत कुणी गेलं नाही. बेबीबाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. रूपालीने मात्र सोडलं नाही. त्याच संध्याकाळी योगेंद्र नंदुरबारहून कागद घेऊन आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की आता दस्तावर नाना आणि तुम्ही, दोघांच्या संमतीच्या सह्या लागतील. उद्या कुणाच्या डोक्यात काही फिरलं तर कागदावर तरी फिरायला नको. नानांनी लगेच हो म्हटलं.

"पोळानं काय?" बेबीबाईंनी घाबरत विचारलं.

"काय पोळा? बैलना सण शे तो, बैलले करू दे," नाना म्हणाले. "बँक जवय देई तवय देई. मी थांबसू."

आणि थांबावं लागलंच. कागद जमा झाल्यावर बँकेला आठवलं की मूल्यांकन करणाऱ्या साहेबांची रजा आहे. भूपेंद्र बरोबर म्हणाला होता, बँकेला उशीर करायला चोर लागत नाही. पोळा झाला, गणपती बसले आणि गेले, आणि मग एका दुपारी ग्रेसीच्या फोनवर मंजुरीचा निरोप आला. ती वॉर्डात होती. रुग्णाला सलाईन लावून झाल्यावर तिने तो परत एकदा वाचला आणि रूपालीला फोन केला.

ताबा द्यायच्या दिवशी रूपाली मुद्दाम प्रकाशाला गेली. बेबीबाईंचं सामान टेम्पोत चढत होतं. योगेंद्र कपाट उचलायला आला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. फुलवंताबाई ओट्यावर बसून ग्रेसीकडून साखर तपासून घेत होत्या आणि बोटाला टोचलं म्हणून कुरकुरत होत्या. पुढच्या श्रावणात कानबाई नानांच्या घरी बसणार, हे आता ठरून गेलं होतं. नानांचं म्हणणं, हे आधीच सुचलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

टेम्पो गेला. बेबीबाई रडल्या, ग्रेसीही रडली, आणि मग अंगण रिकामं झालं.

ग्रेसीची आई, मंगळीबाई, डोंगरातून पहिल्यांदाच इतक्या खाली आली होती. दिवसभर ती घराच्या मधोमध उभी राहून भिंती बघत होती. शेवटी तिने पिशवीतून एक खिळा आणि प्रभूची छोटी तसबीर काढली, खिळा भिंतीवर धरला आणि हातोडीसाठी हात पुढे केला. मग ती थबकली. खिळा तसाच बोटांत धरून तिने आपल्या बोलीत ग्रेसीला विचारलं, "मारू का? मालकाला विचारलंस?"

ग्रेसीने आईकडे पाहिलं. मग हातोडी तिच्या हातात दिली.

"मार, आई," ती म्हणाली. "मालकीण हो म्हणतेय."